बावीस खाटांचं इस्पितळ

लॉरीतून पहिली लोखंडी खाट खाली उतरली तेव्हा आमच्या शेजारच्या झिलूआजोंनी विचारलं, "लग्न कुणाचं रे?"

आमच्या वाळखण गावावरून लॉऱ्या जायच्या त्या खाणीकडे, आणि त्या कधी थांबायच्या नाहीत. ही मात्र सरकारी लाकडाच्या गुदामापुढे थांबली होती. गुदाम दोन वर्षं रिकामं पडलेलं. आदल्या दिवशी कोणीतरी येऊन त्याला चुना फासून गेलं होतं. लॉरीतून दुसरी खाट उतरली, मग तिसरी. त्यांना दिलेला पांढरा रंग अजून वाळला नव्हता, हमालांच्या हातांना लागत होता.

छप्पन्न सालची गोष्ट. गोव्यात पोर्तुगीज सरकार होतं. भारताची सरहद्द बंद झालेली, त्यामुळे मुंबईच्या गोदीत कामाला गेलेले माझे बाबा तिकडेच अडकून पडलेले. घरात आई आणि मी, दोघीच. आई गावची सुईण. आजूबाजूच्या सात वाड्यांवरची पोरं तिच्या हातांवर जन्मली, म्हणून लहानथोर सगळे तिला रत्नामाय म्हणत. मी वीस वर्षांची होते. आमचं बोलणं आमच्या बोलीत चालायचं, पण मला लिहिता येते ती मराठी, म्हणून सगळं मराठीतच सांगते.

गावचे रेजिदोर पुरसोबाब देसाई छत्री काखेत धरून उभे होते. रेजिदोर म्हणजे सरकारनं नेमलेला गावचा कारभारी. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"पुरसोबाब, हे काय चाललंय?" आईनं विचारलं.

"इस्पितळ."

"इथं बांधणार?"

"बांधणार नव्हे, रत्नामाय." तिच्याकडे न बघताच ते म्हणाले. "आहे. सहा वर्षं झाली."

आईला आधी कळलंच नाही. मग तिनं हळूच विचारलं, "म्हणजे आमची सुलोचना मेली तेव्हा होतं?"

पुरसोबाबनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

सुलोचना माझी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोर आडवं आलं. सात वाड्यांच्या बाळंतिणी सोडवणारी माझी आई स्वतःच्या लेकीपुढे हरली. डोलीत घालून चौघांनी तिला तालुक्याच्या गावी न्यायला घेतलं, पाच तासांची वाट. तिसऱ्या तासाला ओढ्यापाशी डोली परत फिरली.

त्या संध्याकाळी पुरसोबाब आमच्या घरी आले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सरकारच्या कागदावर वाळखणला सहा वर्षांपासून बावीस खाटांचं इस्पितळ होतं. लिस्बनहून त्यासाठी पैसा येत होता. शिवाय दर कापणीनंतर घरटी 'इस्पितळाची पट्टी' घेतली जायची. ती आम्ही सगळेच देत होतो. इस्पितळ कधीतरी होणार आहे, त्याची ही पट्टी, असंच आम्ही धरून चाललो होतो. आता लिस्बनहून एक इन्स्पेक्टर आला होता आणि शनिवारी तो इस्पितळ बघायला वाळखणला येणार होता.

"आदमिनिस्त्रादोरनं निरोप धाडलाय," पुरसोबाब म्हणाले. आदमिनिस्त्रादोर म्हणजे तालुक्याचा सगळ्यांत मोठा अंमलदार. त्याचं नाव बारेतु. "बावीस माणसं खाटांवर निजवायची. अर्धा दिवस फक्त. माणशी एक धोतर नाहीतर लुगडं, वर दोन पायली तांदूळ. तुमचा शब्द सगळे मानतात, रत्नामाय. माणसं तुम्ही गोळा करायची."

"आजारी माणसं?"

"छे छे! आजारी नकोत. साहेबाला किळस येता कामा नये. बरी होत आलेली दिसली पाहिजेत. आणि ही द्वारका..." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही मामाकडे राहून चार इयत्ता पोर्तुगीज शिकलीय. हिला नर्स म्हणून उभी करायची. पांढरं पातळ मी देतो. तोंड मात्र उघडायचं नाही."

"मी नाही उभी राहणार," मी म्हटलं.

"पोरी, शेजारच्या गावच्या सगुणानं गेल्या वर्षी पट्टीची पावती मागितली होती. शिपायांनी त्याला क्वार्तेलात नेला, परत आला तो बोटं मोडून घेऊन. बारेतु कसा आहे ते तुला ठाऊक नाही."

मी आईकडे बघितलं. ती पुरसोबाबना खडसावून घालवून देईल अशी माझी खात्री होती. आई म्हणाली, "बावीस माणसं ना? आणते मी."

पुरसोबाब गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "दोन पायली तांदळासाठी? ताई तिकडे ओढ्यावर गेली, आणि तू ह्यांचा खोटेपणा झाकायला माणसं गोळा करणार?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "खडे बघ नीट. कालच्या भातात माझ्या दाताखाली आला."

पुढचे दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती सकाळी बाहेर पडायची आणि दिवेलागणीला परत यायची. धनगरवाड्यावर गेली, वरच्या वाडीला गेली, नदीपलीकडे गेली. काय बोलली, कुणाला बोलली, काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

शनिवारी सकाळी मी पांढरं पातळ नेसून गुदामात उभी होते. आत खरंच इस्पितळ झालं होतं. खाटांवर नव्या चादरी, भिंतीवर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची तसबीर, एका टेबलावर बाटल्यांची रांग. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आठ वाजता बारेतु आपल्या जीपमधून आला. गोरा, ठेंगणा, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सूट. त्याच्याबरोबर एक तरुण गोंयकार डॉक्टर होता, गळ्यात स्टेथोस्कोप. सगळे त्याला दोतोर क्लेतो म्हणत होते. पणजीहून एका दिवसासाठी त्याला उचलून आणलं होतं. तो कोणाच्याच डोळ्यांना डोळा देत नव्हता.

"माणसं कुठायत?" बारेतुनं विचारलं.

"येतायत, सिनोर," पुरसोबाब म्हणाले.

माणसं आली. आधी आम्हांला टेकाडावरून खाली येणाऱ्या डोल्या दिसल्या. पहिलीत धनगरवाड्यावरची बिरमी होती. आठ दिवसांची बाळंतीण, ताप मेंदूत चढलेला, डोळे अर्धे मिटलेले. तिची सासू बाळाला पदरात गुंडाळून मागून चालत होती. दुसऱ्या डोलीत पोट टम्म फुगलेला एक पोर. पाय सडलेली एक म्हातारी. खाणीत हात चेचलेला एक माणूस, हाताला केळीची पानं बांधलेली. वास पुढे येत होता आणि माणूस मागून. हिवतापाची तर रांगच होती. आमचे झिलूआजो दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आले, दात कडाकडा वाजत होते. आणि सगळ्यांच्या पुढे आई.

पुरसोबाबच्या तोंडचं पाणी पळालं. "रत्नामाय! हे काय? आजारी नकोत म्हणून सांगितलं होतं ना!"

"धडधाकट माणूस कापणीच्या दिवसांत रिकामा कुठं सापडतो?" आई म्हणाली. "आजारीच तेवढी घरी असतात. बावीस आहेत. मोजा."

बारेतुला शब्द कळले नाहीत, पण काय झालंय ते कळलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "हाकला ह्यांना!" तो ओरडला. तेवढ्यात वळणावर दुसऱ्या जीपचा आवाज आला.

आता हाकलून काढणं शक्य नव्हतं. इस्पितळाच्या दारातून आजाऱ्यांना बाहेर काढताना इन्स्पेक्टरला दिसलं असतं. आईनं बिरमीला एका खाटेवर ठेवलं, चादर ओढली आणि माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा मीही तिच्याकडे नीट बघितलं. मग मी झिलूआजोंना धरून खाटेपाशी नेलं.

इन्स्पेक्टर साठीचा होता. उंच, थोडा वाकलेला, हातात काळी वही. दारात आल्याबरोबर त्यानं रुमाल नाकाला लावला, पण आत आला. खाटेमागून खाट बघत चालू लागला. बारेतु त्याच्या कानाशी सारखा बोलत होता: या वर्षी इतके रुग्ण, गेल्या वर्षी तितके.

झिलूआजोंपाशी तो थांबला. "ह्याला काय झालंय?"

"हिवताप," दोतोर क्लेतो म्हणाला.

"काय देता?"

"क्विनीन, सिनोर इन्स्पेक्टर."

"द्या मग."

दोतोर जागचा हलला नाही. बारेतुनं मला खूण केली. मी टेबलावरून क्विनीनची चिठ्ठी लावलेली बाटली आणली. दोतोरनं ती उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं, मग पेल्यात ओतली. झिलूआजोंनी ती एका घोटात संपवली आणि मिशा पुसल्या.

"गोड आहे रे!" ते मोठ्यानं म्हणाले. "गूळपाणी! आणखी आहे?"

रांगेतल्या आजाऱ्यांमधून हसण्याची एक लाट गेली. क्विनीन किती कडू असतं ते वाळखणच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"काय म्हणतोय तो?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"आपले आभार मानतोय," पुरसोबाबनी पोर्तुगीजमध्ये सांगितलं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

इन्स्पेक्टर पुढे सरकला तो थेट बिरमीच्या खाटेशी. ती तापात काहीतरी पुटपुटत होती. बाळ सासूच्या मांडीवर रडत होतं. "ही केव्हापासून इथं आहे?"

पुरसोबाबनी आईला विचारलं. आई म्हणाली, "आज सकाळपासून."

"सहा दिवस, सिनोर," पुरसोबाबनी सांगितलं. "उतार पडतोय."

तोंड उघडायचं नाही असं मला बजावलेलं होतं. मी ते उघडणार नव्हतेही. मला सगुणाची बोटं आठवत होती. पण बिरमीचा हात खाटेखाली लोंबकळत होता, तो उचलून वर ठेवायला मी वाकले आणि तो इतका तापलेला होता की मी सरळ झाले तेव्हा बोलतच होते.

"सहा दिवस नाही," मी पोर्तुगीजमध्ये म्हटलं. "आज सकाळपासून. त्याआधी ती तिच्या झोपडीत होती. मंगळवारी इथं खाटासुद्धा नव्हत्या."

बारेतु हसला. "पोरीचं पोर्तुगीज कच्चं आहे, सिनोर इन्स्पेक्टर. काय बोलते ते तिचं तिलाच कळत नाही."

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा विचारणार. मग कुठं होतं इस्पितळ? पैसा कुठं गेला? माझ्याकडे उत्तरं तयार होती. पुरसोबाबकडेही होती, तो दरडावून विचारता तर ते घडाघडा बोलले असते.

"तू 'नव्हत्या' असं अनेकवचन वापरलंस," तो म्हणाला. शांतपणे, मास्तर बोलतात तसा. "आमच्या भाषेत तिथं क्रियापद एकवचनीच येतं, वस्तू कितीही असोत. चूक नेहमीची आहे. सगळेच करतात."

त्यानं वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. दाराशी जाऊन तो बारेतुला म्हणाला, आणि मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं म्हणाला, "इस्पितळ नियमित चालू आहे, असं मी लिहिलंय. माझी बोट मुरगावहून अकरा दिवसांनी सुटते. तोवर मी पणजीतच आहे. ते चालू राहील असं धरतो."

त्याची जीप गेली. तो माणूस कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही. त्याला सगळं कळलं होतं, एवढं खरं. आणि कळूनही त्यानं ते लिहिलं नाही, हेही खरं.

बारेतु माझ्यासमोर आला. मला वाटलं मारतोय. पण इन्स्पेक्टरची जीप अजून टेकाडावर दिसत होती. "तुझं नाव मला माहीत आहे," एवढंच म्हणाला आणि दोतोरला हाक मारली. "चला. झालं काम."

आई दारात आडवी झाली. बारेतुला तिनं वाट दिली. दोतोरला दिली नाही. "दोतोर, एवढी एक बाळंतीण बघून जा."

"मला जायला हवं, माय."

"बघून जा. बघायला काय लागतं?"

तो बिरमीपाशी गेला, नाडी बघितली, पापणी वर केली. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "हिला पेनिसिलीन लागेल. ते मिळालं नाही तर दोन दिवस. त्यापेक्षा जास्त नाही." बाहेर बारेतुनं हॉर्न वाजवला. दोतोर गेला.

मग पुरसोबाब लॉरीवाल्यांना घेऊन आत आले. खाटा संध्याकाळपर्यंत परत पोचवायच्या होत्या. "उठा, उठा सगळे! धोतरं, लुगडी बाहेर ठेवलीयत. तांदूळ घ्या आणि घरी चला."

कुणी उठलं नाही.

"रत्नामाय, सांगा ना ह्यांना!"

"काय सांगू?" आई बिरमीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. "इन्स्पेक्टर काय बोलून गेला ते द्वारकानं मला सांगितलंय. इस्पितळ चालू आहे. आणि ही माणसं आजारी आहेत. आजारी माणूस इस्पितळातून बरा झाल्यावर जातो, नाही का?"

"वेड लागलंय तुम्हांला! शिपाई येतील!"

"येऊ देत. इस्पितळातल्या बावीस आजाऱ्यांना शिपायांनी ओढून काढलं, ही बातमी पणजीला पोचायला किती दिवस लागतात ते बघू. अकरा आहेत आपल्याकडे."

तेव्हा मला तिच्या दोन दिवसांच्या फिरण्याचा उलगडा झाला. तिनं बावीस आजारी शोधून काढले होते तेवढंच नव्हे. प्रत्येक खाटेमागे दोन-तीन माणसं बाहेर चिंचेखाली येऊन बसली होती, चुली मांडून, भांडी घेऊन. धनगर आपल्या म्हशी घेऊन आले होते. दूध लागेल म्हणून. लॉरीवाल्यांनी एका खाटेला हात घालून बघितला. चाळीसेक बायका उठून दारात उभ्या राहिल्या. लॉरी रिकामी परत गेली.

दोतोर क्लेतो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जीपमधून नव्हे, खाणीच्या लॉरीच्या टपावर बसून, मांडीवर दोन खोकी घेऊन. खोक्यांत खरं क्विनीन होतं आणि पेनिसिलीनच्या कुप्या होत्या. कुठून आणल्या ते त्यानं सांगितलं नाही. कोट काढून त्यानं बाह्या दुमडल्या.

"सहा वर्षांपूर्वी मी शिकत होतो," तो आईला म्हणाला. "काल बारेतुच्या कचेरीत मी कागद बघितला. ह्या इस्पितळाचा दोतोर म्हणून दोन वर्षं माझं नाव लागलंय. सही केलीय कुणीतरी माझी. सुई उकळायला पाणी ठेवा."

ते अकरा दिवस इस्पितळ असं चाललं. टेबलावरच्या बाटल्यांतलं गूळपाणी आम्ही पोरांना वाटून टाकलं आणि बाटल्या धुऊन घेतल्या. मला ताप बघायला, पट्ट्या बांधायला दोतोरनं शिकवलं. बिरमीचा ताप चौथ्या दिवशी उतरला. पाचव्या दिवशी झिलूआजो गेले. क्विनीन पोचेपर्यंत त्यांच्यात काही उरलं नव्हतं. आणखी दोघं गेली. बाकीची एकोणीस माणसं आपल्या पायांनी घरी गेली, आणि त्यांच्या जागी दुसरी आली. शिपाई रोज यायचे, रस्त्यापलीकडे उभे राहायचे, बघायचे. आत यायचा हुकूम त्यांना नव्हता.

बाराव्या दिवशी बोट सुटली. त्याच दुपारी शिपाई आत आले आणि आम्हां दोघींना घेऊन गेले.

तासाभराच्या वाटेवरच्या क्वार्तेलात, म्हणजे शिपायांच्या ठाण्यात, एका खोलीत बारेतु बसला होता. शेजारी टंकयंत्रापुढे त्याचा कारकून. "लिही," बारेतु म्हणाला. "ह्या दोन बायका जमाव घेऊन सरकारी गुदामात बेकायदा घुसल्या आणि बारा दिवस तिथं ठिय्या दिला." मग मला म्हणाला, "तुझ्या आईला सांग. सहा महिने कोठडी."

मी आईला सांगितलं. तिनं विचारलं, "कुठं घुसलो म्हणतो?"

"गुदामात."

"कुठल्या? वाळखणला गुदाम कुठं आहे? तिथं इस्पितळ आहे."

मी ते जसंच्या तसं पोर्तुगीजमध्ये सांगितलं. कारकुनाची बोटं थांबली.

"लिही!" बारेतु ओरडला.

"त्यांना लिहू दे की," आई म्हणाली, आणि मी तिच्या एकेका वाक्यामागून बोलत गेले. "वाळखणला इस्पितळ कधीच नव्हतं, ते गुदाम होतं, असं लिहा. सहा वर्षं गुदाम होतं. आम्ही गुदामात घुसलो. मी अंगठा देते. माझी मुलगी सही करते. लगेच करते. पण लिहायचं पूर्ण."

कारकून इथलाच होता, म्हातारा. तो खाली बघत हळूच म्हणाला, "सिनोर, इन्स्पेक्टरसाहेबांच्या अहवालात तिथं इस्पितळ आहे. आपल्याही सगळ्या कागदांत आहे. आता गुदाम लिहिलं तर..."

बारेतुनं टंकयंत्रातला कागद ओढून काढला आणि चुरगळला. दुसरा घालायला लावला. "इस्पितळात घुसल्या" म्हणाला. मग त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. इस्पितळात आजारी माणूस नेणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नव्हता. तोही कागद निघाला. तिसरा कागद कोराच राहिला.

आरोप ठेवता येईना तेव्हा त्यानं पालमातोर मागवली. ती म्हणजे तळहातांवर मारायची जाड लाकडी थापी. आईला तीस फटके, मला पंधरा. मी ओरडले. आई ओरडली नाही, असं मी लोकांना बरीच वर्षं सांगत आले. खरं तर तीही ओरडली. पण मधे मधे थांबून विचारत होती, "पट्टीची पावती देता का?" आणि मी, रडत रडत, ते पोर्तुगीजमध्ये सांगत होते.

संध्याकाळच्या आत आम्हांला सोडलं. पट्टीचा पैसा कुठं गेला ते शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. बारेतुला पुढच्या वर्षी बढती देऊन आफ्रिकेत पाठवलं. दोतोर क्लेतोला दूर तिमोर बेटावर जायचा हुकूम निघाला. जाण्याआधी तो दोन महिने वाळखणलाच राहिला. त्याच्या जागी दुसरा आला, कारण कागदावरची जागा रिकामी ठेवली असती तर कारण द्यावं लागलं असतं. गोवा मोकळा झाला तेव्हा नव्या सरकारला वाळखणला चालतं इस्पितळ मिळालं. मी तिथं चौतीस वर्षं नर्स होते.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. क्वार्तेलातून आम्ही चालत आलो. हात छातीशी धरून, बोटं मिटत नव्हती, उघडतही नव्हती. घराचा फाटा आला तरी आई वळली नाही. "आई, घर इकडे," मी म्हटलं. ती सरळ चालत राहिली.

इस्पितळात दोतोर कंदील लावत होता. आम्हांला बघून त्यानं काडी टाकून दिली. आई खाटेवर बसली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. ते वांग्यासारखे काळेनिळे झाले होते. त्यानं मलम लावलं, पट्ट्या बांधल्या, आणि रुग्णांची वही काढली.

"पडलात, असं लिहितो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमच्यासाठी बरं. ही वही बारेतुच्या कचेरीत जाते."

"पडले नाही मी," आई म्हणाली. "मारलंय. कुठं मारलं, कुणी सांगून मारलं, किती मारलं, सगळं लिहा. इस्पितळाच्या वहीत खरं लिहायचं असतं ना?"

दोतोरनं लेखणी दौतीत बुडवली. मग लिहू लागला, क्वार्तेलाचं नाव, तीस फटके, आदमिनिस्त्रादोर बारेतुच्या हुकमानं. खाली त्यानं स्वतः सही केली, ठसठशीत, दुसऱ्या कुणाला काढता येऊ नये अशी. आणि वर बघितलं.

आईनं मला कोपरानं पुढे ढकललं. "आता हिचं."

"नाव?" दोतोरनं विचारलं. त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"द्वारका गावकर," मी म्हटलं. ते त्याला कसंबसं ऐकू गेलं. बाहेर रस्त्यापलीकडे शिपाई उभेच होते.

"मोठ्यानं सांग," आई म्हणाली.

मी मोठ्यानं सांगितलं.